नाशिकजवळचे हिवाळ्यातले सोपे ट्रेक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळीचे फटाके थांबले की प्रश्न सुरू होतात, ते थेट महाशिवरात्रीपर्यंत. त्यातले पुन्हा पुन्हा येणारे इथे एकत्र केले आहेत. उत्तरं नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळापुरतीच समजा. पावसाळ्यात याच वाटांचं गणित वेगळं असतं.

१. पहिल्यांदाच जातोय. सुरुवात कुठून करू?

आधी पांडवलेणी. शहरापासून आठेक किलोमीटरवर, मुंबई-आग्रा महामार्गालगत. पायऱ्या न थांबता, शेजारच्याशी बोलत बोलत चढता आल्या तर पुढच्या रविवारी रामशेजला जा. धाप लागून बोलणं तुटत असेल तर अजून दोन-तीन वेळा पांडवलेणीच करा. त्यात कमीपणा काही नाही, आणि चोवीस लेणी एका फेरीत बघून होतही नाहीत.

रामशेज पेठ रस्त्यावर, नाशिकपासून पंधराएक किलोमीटरवर आहे. पायथ्याला आशेवाडी. वाट मळलेली आहे, अर्ध्यावर रामाचं देऊळ लागतं, पुढे पायऱ्या. १६८२ पासून पुढे कित्येक वर्षं ज्या गडाने औरंगजेबाच्या फौजेला दाद दिली नाही, तो आज पाऊण ते एक तासात चढून होतो. माथा सपाट आणि लांबट आहे, तो फिरायला आणखी एक तास धरा. सकाळी सातला पायथ्याला असलात तर साडेदहाला परत खाली.

२. "सोपा ट्रेक" म्हणजे नक्की काय? प्रत्येक जण वेगळं सांगतो.

या पानावर सोपा म्हणजे: चढ-उतार मिळून चार-पाच तासांत संपणारा, वाट स्वच्छ दिसणारी, आणि जिथे हाताने कातळ धरून चढावं लागत नाही असा. तीनही गोष्टी हव्यात. कळसूबाईची वाट चुकण्याची शक्यता कमी, अवघड जागी लोखंडी शिड्या आणि कठडे आहेत, पण चढ लांबलचक आहे, म्हणून तो या यादीत नाही (प्र. १३). हरिहर वेळेत बसतो, पण त्याच्या पायऱ्या बसत नाहीत (प्र. १२). अलंग, मदन, कुलंग या अवघड किल्ल्यांचं नावही या पानावर नको.

३. जवळची ठिकाणं अंतर आणि वेळेसकट सांगा.

रामशेज वर आलाच. पुढची अवघडपणाच्या चढत्या क्रमाने, म्हणजे आमच्या मते चढत्या क्रमाने.

हातगड: सापुताऱ्याच्या अलीकडे, नाशिकपासून पंचाहत्तरेक किलोमीटर. गाडी बरीच वर जाते, चालणं अर्धा ते पाऊण तास. एकामागोमाग एक दरवाजे, कातळात कोरलेली वाट, टाकी. चालण्यापेक्षा प्रवास जास्त, म्हणून घरच्या सगळ्यांना घेऊन जायला बरा. परतताना रस्त्याकडेला स्ट्रॉबेरी विकायला बसलेले शेतकरी भेटतात. ती या काळातच मिळते.

त्रिंगलवाडी: इगतपुरीजवळ. पायथ्याला धरण आणि जैन लेणं, वरच्या टप्प्यात कातळकोरीव पायऱ्या आणि दरवाज्याजवळ कोरलेला मारुती. गावातून वर जायला तास-सव्वा तास.

अंकाई-टंकाई: मनमाडच्या दक्षिणेला, जोडकिल्ला. दोन्हींच्या मधल्या खिंडीत चढायचं, तिथून एका हाताला अंकाई, दुसऱ्या हाताला टंकाई. जैन लेणी पायथ्याजवळच आहेत. दोन्ही किल्ले केले तर अर्धा दिवस जातो. नुसती अंकाई केली तरी चालते.

ब्रह्मगिरी: त्र्यंबकेश्वरातून. बहुतेक वाट पायऱ्यांची, त्यामुळे चुकायची भीती नाही, पण पायऱ्यांनीच गुडघे बोलायला लागतात (प्र. ११). वर जायला दीड-दोन तास. माथ्यावर गोदावरीचं उगमस्थान आणि जटामंदिर. तिथपर्यंत सोपं. त्यापुढे दुर्गभांडारला जायचं तर दोन्ही बाजूंना दरी असलेल्या कातळाच्या अरुंद पट्टीवरून जावं लागतं. उंचीची भीती असलेल्यांनी जटामंदिरावरून मागे फिरावं.

अंजनेरी: त्र्यंबक रस्त्यावर, वीसेक किलोमीटर. यादीतला सगळ्यांत भरगच्च आणि सगळ्यांत मोठा. घळीतल्या पायऱ्या चढून पठार, पठारावर अंजनीमातेचं देऊळ आणि तळं, मग दुसरा चढ आणि वरचं देऊळ. पठारापर्यंत जाऊन परत यायला तीन तास, शेवटपर्यंत गेलात तर पाच. पठारावरून मागे फिरलात तरी ट्रेक पूर्णच झाला असं समजा.

४. कोणता महिना सगळ्यांत चांगला?

नोव्हेंबरचा दुसरा पंधरवडा ते जानेवारीअखेर. दिवाळीच्या सुमारास गवत छातीएवढं असतं, त्यामुळे पायाखालचं दिसत नाही. डिसेंबरात गवत पिवळं पडून आडवं होतं, हवा स्वच्छ असते, आणि पहाटे धुकं नसेल तर सातमाळेची रांग लांबवर दिसते. फेब्रुवारीत दुपारचं ऊन चटका द्यायला लागतं, घसारा वाढतो (प्र. ९) आणि वणव्यांचे दिवस जवळ येतात.

दोन तारखा टाळा. पौष वद्य एकादशीच्या आसपास त्र्यंबकला निवृत्तिनाथांची यात्रा असते. रस्ताभर दिंड्या चालतात. वारकरी म्हणून जायचं असेल तर जरूर जा, पण त्या दिवसांत ब्रह्मगिरी-अंजनेरीचा बेत आखलात तर गाडी लावायला जागा मिळणार नाही. दुसरी तारीख ३१ डिसेंबर. कारण सांगायला नको.

५. थंडी किती असते? बर्फ पडतो का?

बर्फ नाही. निफाडला पारा ५ अंशांच्या आसपास, कधी त्याखालीही जातो. कडाक्याच्या रात्री द्राक्षबागांतलं दव गोठल्याच्या बातम्या येतात, तेवढंच.

एक उलटी गोष्ट मात्र लक्षात ठेवा. शांत रात्री गार हवा जड होऊन खोलगट भागात साचते. त्यामुळे पहाटे पायथ्याच्या गावात हुडहुडी भरते आणि दोनशे मीटर वर गेल्यावर बरं वाटतं. "खाली एवढी थंडी तर वर किती असेल" म्हणून चार स्वेटर चढवणारे पहिल्या वीस मिनिटांत घामाघूम होतात. वर त्रास थंडीचा नसतो, वाऱ्याचा असतो.

६. मग कपडे कोणते घालू?

निघताना थोडी थंडी वाजली पाहिजे, म्हणजे कपडे बरोबर आहेत. अंगाला लागून जाड सुती बनियन नको. ते घामाने भिजतं, वाळत नाही आणि माथ्यावर वाऱ्यात अंगाला गार चिकटतं. खेळाचा पटकन वाळणारा टी-शर्ट, त्यावर पातळ स्वेटर किंवा फ्लीस, आणि पाठपिशवीत विंडचीटर. पंधरा मिनिटं चाललं की स्वेटर काढायचा, माथ्यावर बसायच्या आधी विंडचीटर घालायचं. गार वाटायला लागल्यावर घातलं तर उशीर झालेला असतो.

पँट पूर्ण लांबीची, गुळगुळीत कापडाची. लोकर किंवा जाड होजिअरीच्या पँटला कुसळं अडकतात आणि ती मोज्यांतून आत टोचत राहतात. पायमोज्यांवर गेटर (बुटाच्या तोंडापासून पोटरीपर्यंतचं आवरण) असतील तर उत्तम, नसतील तर जुन्या मोज्यांचे पंजे कापून राहिलेली नळी बुटाच्या तोंडावर ओढा. घरी आल्यावर अडकलेली कुसळं बारीक कंगव्याने निघतात.

कानटोपी पहाटेसाठी, आणि उन्हाची टोपी दहानंतरसाठी. दोन्ही लागतात.

७. बूट नवेच घेऊ का? घरात जुने ट्रेकिंगचे आहेत.

जुने असतील तर आठवडाभर आधी काढून घरात घालून फिरा. दोन-तीन वर्षं कपाटात पडलेल्या बुटांच्या तळव्यातला फोम हवेतल्या ओलाव्याने आतून कुजतो. वरून बूट नवा दिसतो, आणि अर्ध्या वाटेवर अख्खा तळवा सोलून निघतो. अंगठ्याने तळव्याची कड दाबून बघा. भुगा पडला किंवा भेग दिसली तर तो बूट नको. तरी पाठपिशवीत दोन मीटर नाडी आणि थोडी चिकटपट्टी असू द्या. निघालेला तळवा बांधून खाली उतरता येतं.

नवे घेतले तर किमान २०-२५ किलोमीटर गावात चालून मग डोंगरावर. मापाला घेताना जाड मोजे घालून घ्या आणि अंगठ्यापुढे बोटभर जागा ठेवा. उतरताना पाय पुढे सरकतो, जागा नसेल तर नख काळं पडतं. चपला, फ्लोटर, गुळगुळीत तळव्याचे बूट नकोत.

८. किती वाजता निघायचं, आणि परत कधी फिरायचं?

डिसेंबरात नाशिकला सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि संध्याकाळी सहाच्या आसपास मावळतो. डोंगराच्या पूर्वेकडच्या उतारावर असाल तर अंधार त्याच्या अर्धा-पाऊण तास आधीच दाटतो. उजाडता उजाडता पायथा गाठा.

मागे फिरण्याची वेळ चढायच्या आधीच ठरवा. हिशेब असा: सूर्यास्तातून उतरायचा वेळ वजा करा, मग आणखी एक तास वजा करा. उतरायला दोन तास लागणार असतील तर तीन वाजता, माथा शंभर पावलांवर असला तरी, फिरायचं. पायऱ्यांच्या वाटेवर उतरायला चढण्याच्या दोन-तृतीयांश वेळ लागतो, घसाऱ्यावर चढायला लागला तेवढाच. सोप्या वाटांवर लोक अडकतात ते अवघड जागेमुळे नाही, दुपारी उशिरा निघाल्यामुळे. दिवसाच्या ट्रेकलाही माणशी एक बॅटरी हवीच, आणि मोबाईलचा टॉर्च ही बॅटरी नव्हे.

९. उतरताना पाय घसरतात. काय चुकतं?

पावसाळ्यात चिखल असतो, हिवाळ्यात घसारा: सुट्या मुरमाचा आणि खड्यांचा थर. त्यावर टाच टेकवून, मागे झुकून उतरलं की टाच गोट्यांवर फिरते आणि माणूस बसतो. मागे झुकू नका. गुडघे किंचित वाकवा, पाऊल थोडं तिरपं ठेवा, अख्खा तळवा टेकवा, पावलं छोटी. पक्का दगड किंवा मुळं दिसली तर तिथे पाय, नाहीतर वाटेच्या कडेला, जिथे खडे कमी असतात.

पिवळं आडवं गवत घसाऱ्यापेक्षा फसवं असतं. उताराच्या दिशेने लोळलेल्या काड्या म्हणजे चटईच, तिच्यावर रबरी तळवाही टिकत नाही. आधाराला गवत किंवा वाळलेली कारवी धरू नका, ती हातात येते. दोघांत चार-पाच मीटर अंतर ठेवा, आणि दगड सुटला की "दगड!" असं जोरात ओरडा. लाजायचं नाही.

काठी असेल तर चढताना कोपर काटकोनात राहील एवढी, उतरताना पाच-सात सेंटीमीटर लांब.

१०. पाणी आणि खाणं किती न्यायचं?

मोठ्या माणसाला अडीच लिटर, मुलाला दीड. थंडीत तहान लागत नाही म्हणून लोक पीत नाहीत, आणि उतरताना डोकं दुखायला लागलं की उन्हाला दोष देतात. दर वीस मिनिटांनी दोन-तीन घोट. उतरायला लागताना एक तृतीयांश पाणी शिल्लक हवं. गडावरच्या टाक्यांतलं पाणी हिवाळ्यात थंडगार आणि स्वच्छ दिसतं, तरी गाळून, शुद्धीकरणाची गोळी टाकून आणि गोळीच्या पाकिटावर लिहिलेला वेळ थांबूनच प्या.

खायला दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, गूळ-शेंगदाणे, राजगिऱ्याची चिक्की. संक्रांतीच्या आठवड्यात गूळपोळीपेक्षा बरं काही नाही: टिकते, चुरा होत नाही, ताकद देते. मिसळ उतरल्यावर. चढायच्या आधी झणझणीत रस्सा ओरपून निघालेल्यांची अवस्था पहिल्या चढावर बघण्यासारखी असते.

११. लहान मुलं आणि आई-बाबांना नेता येईल का?

सहा-सात वर्षांचं मूल रामशेज, हातगड सहज करतं. त्याहून लहान असेल तर पांडवलेणी. मुलांना पाठीवर घेऊन घसाऱ्यावरून उतरू नका, तोल दोघांचाही जातो. मुलाला कड्याच्या बाजूला नाही, डोंगराच्या बाजूला चालवा.

वडीलधाऱ्यांच्या बाबतीत दम हा प्रश्न फारसा नसतो, गुडघे असतात, आणि ते चढताना नाही, उतरताना दुखतात. म्हणून शेकडो पायऱ्यांचा ब्रह्मगिरी त्यांना "पायऱ्याच तर आहेत" म्हणून सुचवू नका. डोंगरावरची हवा आणि दर्शन दोन्ही हवं असेल तर सप्तशृंगगड. गाडी गडावरच्या गावापर्यंत जाते, आणि तिथून मंदिराकडे २०१८ पासून फ्युनिक्युलर ट्रॉली आहे.

दमा असेल तर पंप पाठपिशवीच्या तळाशी नाही, खिशात. पहाटेची कोरडी गार हवा तोंडाने ओढली की दमा उचल खातो, म्हणून नाकातोंडावर रुमाल बांधा. मधुमेह असेल तर गोड पदार्थ वेगळ्या खिशात, आणि सोबतच्या एकाला तरी सांगून ठेवा. हृदयविकार किंवा नुकतीच शस्त्रक्रिया झाली असेल तर आधी डॉक्टर, मग डोंगर.

आणि हो, "उंचीमुळे श्वास लागेल का?" हाही नेहमीचा प्रश्न. महाराष्ट्रातलं सर्वोच्च शिखर, कळसूबाई, १,६४६ मीटर आहे. उंचीचा त्रास साधारण २,५०० मीटरनंतर सुरू होतो. इथे लागतो तो दम.

१२. हरिहरचे व्हिडिओ पाहिले. मुलंसुद्धा चढताना दिसतात. मग तो सोपाच ना?

निरगुडपाड्याकडून पायऱ्यांपर्यंतची वाट सोपी. पायऱ्या जवळजवळ उभ्या कातळात कोरलेल्या आहेत, धरायला खोबण्याही आहेत. रिकाम्या दिवशी, कोरड्या हवेत, उंचीची भीती नसलेल्याला त्या जमतात.

गोची गर्दीची आहे. चढणारे आणि उतरणारे यांना एकच अरुंद वाट, आणि हिवाळ्यातल्या रविवारी दोन्हीकडून रांग. मध्येच एकाचे पाय लटपटले की त्याच्या वर आणि खाली सगळे अडकतात. जायचंच तर आठवड्यातल्या कामाच्या दिवशी, सकाळी लवकर. उतरताना पायरीकडे तोंड करून, शिडी उतरतो तसं उतरा. हातात मोबाईल नको, आणि एकेरी पट्ट्याची बॅग नको, ती पुढे झोके घेते. पहिला ट्रेक म्हणून नकोच.

१३. कळसूबाईला रात्री चढून सूर्योदय बघायचा आहे. जमेल?

यादीतले तीन-चार ट्रेक झाले असतील तर जमेल. बारी गावातून वर जायला तीन ते साडेतीन तास. नेहमीची चूक म्हणजे मध्यरात्री निघून साडेतीनला माथ्यावर पोचणं. मग घामाने भिजलेल्या अंगाने, वाऱ्यात, तीन तास सूर्याची वाट बघायची. पावणेसात-सातला उजाडतं, त्यामुळे तीनच्या आधी निघू नका. अंगाला लागून असलेला कोरडा टी-शर्ट सोबत न्या आणि माथ्याखाली आडोशाला बदला. शिड्यांच्या लोखंडाला पहाटे हात लावता येत नाही इतकं ते गार असतं, हातमोजे हवेत. ते पकड असलेले घ्या, गुळगुळीत लोकरीचे लोखंडावरून सटकतात.

१४. मधमाश्यांची फार भीती वाटते.

वाटली पाहिजे. कड्यांना आणि लेण्यांच्या छतांना आग्या मोहोळ असतं. धूर, अत्तर, आरडाओरडा, फटाके, दगड आणि ड्रोन यांनी ते उठतं. पोळं दिसलं तर आवाज बंद करून पुढे सरका.

माश्या उठल्याच तर झटकू नका आणि थांबू नका. तोंड-डोकं जाकीट किंवा ओढणीने झाका आणि वाट दिसेल एवढं बघत लांब जा. कड्याजवळ असाल तर आंधळेपणाने पळू नका. टाक्यात उडी मारू नका, माश्या वर घोंघावत राहतात. काटे नखाने किंवा कार्डाच्या कडेने लगेच खरवडून काढा. ओठ-जीभ सुजणं, श्वास घ्यायला त्रास, अंगभर गांधी यांपैकी काहीही दिसलं तर घरगुती उपाय करत बसू नका, १०८ ला फोन करून सरळ रुग्णालय.

अंजनेरीच्या कड्यांवर लांब चोचीच्या गिधाडांची घरटी असतात आणि त्यांचा विणीचा हंगाम नेमका हिवाळ्यात येतो. २०१७ पासून तो संवर्धन राखीव भाग आहे. तिथे ड्रोन आणि स्पीकर दोन्ही घरी ठेवा.

१५. साप, बिबट्या, माकडं?

थंडीत साप नसतात हा गैरसमज आहे. घोणस हिवाळ्यातच जास्त फिरताना दिसते, आणि सकाळी ऊन खायला वाटेवर किंवा दगडावर येते. बसण्याआधी दगड काठीने वाजवा, फटीत हात घालू नका. चावल्यास करकचून बांधणं, चिरा देणं, तोंडाने ओढणं यांतलं काही नाही. अंगठी-घड्याळ काढा, तो अवयव हलू देऊ नका, शक्य तिथे माणसाला उचलून खाली आणा आणि सरकारी रुग्णालय गाठा.

बिबट्या डोंगरापेक्षा पायथ्याच्या उसात भेटण्याची शक्यता जास्त. सिन्नर, निफाड, दिंडोरीकडे पहाटे अंधारात एकट्याने चालू नका, बोलत चाला, मुलांना मध्ये ठेवा.

खरा रोजचा त्रास माकडांचा, विशेषतः ब्रह्मगिरी आणि अंकाईवर. हातात प्लास्टिकची पिशवी दिसली की ती गेलीच. खायला घालू नका, डोळ्यांत रोखून बघू नका, पिशवी ओढली तर सोडून द्या. ओरखडा जरी आला तरी साबणाने पंधरा मिनिटं धुऊन त्याच दिवशी रेबीजची लस.

१६. स्वतःची गाडी नाही. एसटीने काय काय होतं?

त्र्यंबकला एसटी आणि सिटीलिंक (नाशिकची शहर बस) दोन्ही जातात, म्हणून अंजनेरी आणि ब्रह्मगिरी सगळ्यांत सोयीचे. अंजनेरी फाट्यावर उतरल्यावर गाव आणि तिथून पायऱ्यांचा पायथा हे अंतर चालायचं आहे, त्याचा पाऊण-एक तास प्र. ८ च्या हिशेबात धरा. रामशेजला पेठकडे जाणारी गाडी. त्रिंगलवाडीसाठी इगतपुरीपर्यंत रेल्वे, पुढे जीप. सकाळी उतरताच कंडक्टरला किंवा फाट्यावरच्या टपरीवाल्याला शेवटची गाडी विचारून ठेवा.

१७. गडावर तंबू ठोकून शेकोटी करता येते का?

बरेच गड वनखात्याच्या हद्दीत किंवा संरक्षित स्मारकं आहेत. मुक्कामाला परवानगी लागते आणि अनेक ठिकाणी ती मिळत नाही. पायथ्याच्या गावात कुणाच्या ओसरीवर किंवा शाळेच्या आवारात, विचारून, राहणं जास्त बरं. पिठलं-भाकरीही मिळते आणि पैसे गावात राहतात. प्रवेशशुल्कासाठी सुटे पैसे जवळ ठेवा.

शेकोटी गडावर नाहीच. डिसेंबरनंतरचं गवत एका ठिणगीत पेटतं, आणि वारा असला की वणवा माणसाच्या वेगाने चढावर धावतो. विझवलेल्या राखेतला निखारा तासाभराने वाऱ्याने पुन्हा फुलतो. सिगारेटचं थोटुकही यातच आलं.

१८. आदल्या रात्री अवकाळी पाऊस झाला. बेत रद्द करू?

पांडवलेणी, हातगड चालतील. कातळकोरीव पायऱ्यांचं काहीही असेल तर पुढे ढकला. पावसाळ्यातलं शेवाळ वाळून पायऱ्यांवर काळा पापुद्रा होतो. तो कोरडा असताना पकड छान देतो, पण भिजला की साबण. पूर्ण एक दिवस ऊन पडू द्या.

१९. वाट चुकली तर?

हिवाळ्यात गवतातून गुरांच्या वाटा फुटतात आणि ढोरवाट माणसाच्या वाटेपेक्षा ठळक दिसते. ओळखायची खूण: ढोरवाट उताराला आडवी जात राहते, कारवीच्या जाळीत शिरते आणि कमरेएवढ्या फांद्यांखालून जाते. माणसाच्या वाटेवर दगडांवर झिजल्याच्या खुणा, बाण, गोळ्यांचे कागद (दुर्दैवाने) दिसतात.

पाच मिनिटं खूण दिसली नाही तर थांबा आणि आलात तसेच शेवटच्या ओळखीच्या जागेपर्यंत मागे जा. "खाली गाव दिसतंय, सरळ उतरू" हे करू नका, मध्ये कडा असतो आणि तो वरून दिसत नाही. ओढ्याच्या घळीतूनही उतरू नका. रेंज असेल तर ११२ ला फोन करून पायथ्याच्या गावाचं नाव आणि कोणत्या बाजूला आहात ते सांगा, मग बॅटरी वाचवा. अंधार पडला तर हलू नका: विंडचीटर, कानटोपी, पाठीखाली बॅग, सगळे एकमेकांना चिकटून. शिट्टी असेल तर तीन वेळा, थांबून पुन्हा तीन वेळा. पायथ्याचे गुराखी सकाळी लवकर वर येतात.